करंट न तुटता

मोटारगाडीची बॅटरी बदलायला दहा नंबरचा पाना आणि पंधरा-वीस मिनिटे पुरतात. दोन्ही टर्मिनलचे नट सैल करायचे, बॅटरीला जागेवर धरून ठेवणारी पट्टी काढायची, जुनी उचलून नवी ठेवायची आणि नट पुन्हा आवळायचे. काम एवढेच. पण जुनी निघाल्यापासून नवी जोडली जाईपर्यंत गाडीतल्या एकाही तारेत वीज नसते, आणि तेवढ्या वेळात गाडी काही गोष्टी विसरते. त्यांतल्या काही बिनमहत्त्वाच्या असतात. काही मात्र तिने हजारो किलोमीटर धावून शिकलेल्या असतात.

जुन्या गाड्यांना विसरण्यासारखे काही नव्हते. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या धावलेली प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनत होती. तिची बॅटरी महिनाभर काढून ठेवली तरी बिघडत काही नसे. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण कार्ब्युरेटरचा एक स्क्रू ठरवी, आयडलिंगचा वेग दुसरा स्क्रू, आणि ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून जुळवली जाई. मेकॅनिकने इंजिनाचा आवाज ऐकत केलेली ही जुळवाजुळव धातूतच मुरून राही. वीज असो वा नसो, स्क्रू आपली जागा सोडत नसे. २०००च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्टर आले आणि त्यांना हुकूम सोडणारा संगणक आला, ज्याला गॅरेजमध्ये सगळे ईसीएम म्हणतात. स्क्रूच्या जागी आकडे आले, आणि हे आकडे लिहून ठेवायला मेमरी आली.

ही मेमरी दोन प्रकारची असते, आणि बॅटरी बदलण्याच्या सगळ्या काळजीचे मूळ या भेदात आहे. एका प्रकारात एकदा लिहिलेले वीज गेली तरी टिकते. दुसऱ्या प्रकारात लिहिलेले टिकवायला सतत थोडा करंट लागतो; तो तुटला की पाटी कोरी. मग सगळेच पहिल्या प्रकारात का लिहीत नाहीत? कारण टिकाऊ मेमरीत एकाच जागी पुन्हापुन्हा लिहिण्याला मर्यादा असते. साधारण लाखभर वेळा लिहून झाले की ती जागा भरवशाची राहत नाही. इंजिनाचे आकडे तर दर सेकंदाला बदलत असतात. म्हणून रोजची खरडवही कच्च्या मेमरीत ठेवायची आणि मोलाचे तेवढे पक्क्या मेमरीत उतरवायचे, अशी विभागणी झाली. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चावी बंद केल्यावर ईसीएम आणखी काही क्षण जागा राहतो आणि त्या दिवशीचे शिकलेले पक्क्या मेमरीत उतरवून मगच झोपतो. चावी बंद केल्या केल्या पाना लावू नये, पाच-दहा मिनिटे थांबावे, हा सल्ला यासाठीच आहे.

लोकांना ज्या गोष्टी पुसल्या जाण्याची सर्वांत जास्त धास्ती वाटते, त्या बहुधा पुसल्या जातच नाहीत. गाडी एकूण किती किलोमीटर धावली हा आकडा, चावीची ओळख पटवणाऱ्या इमोबिलायझरची माहिती, एअरबॅगच्या युनिटमधली नोंद हे सारे पक्क्या मेमरीत असते. बॅटरी काढल्यामुळे किल्ली परकी होत नाही. ज्यांकडे कोणाचे लक्ष नसते अशा गोष्टी मात्र जातात, आणि त्यांतली सर्वांत मोलाची गोष्ट डॅशबोर्डवर कुठेच दिसत नाही.

ती आहे थ्रॉटलची. इंजिनात किती हवा शिरू द्यायची हे थ्रॉटल बॉडीतली एक गोल चकती ठरवते. गाडी सिग्नलला उभी असताना ही चकती अगदी केसभर उघडी असते आणि त्या फटीतून येणाऱ्या हवेवर इंजिन मंद चालत राहते. वर्षे जातात तशी चकतीच्या कडेला काजळी धरते आणि फट बुजत जाते. ईसीएमच्या हे लक्षात येते. तो चकती आणखी किंचित उघडतो, ठरलेला वेग मिळाला की तो नवा आकडा टिपून ठेवतो, आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करतो. जुन्या वाड्याचे दार कुठे जरा उचलून धरले म्हणजे कडी बसते, हे त्या घरात वावरलेल्या हाताला ठाऊक असते. हे ज्ञान तशाच जातीचे आहे. ते या एका गाडीचे, या एका थ्रॉटलचे, या काजळीचे असते. कंपनीतून निघताना ईसीएममध्ये लिहिलेला आकडा स्वच्छ चकतीसाठी होता. कच्ची मेमरी पुसली गेली की ईसीएम त्या आकड्यावर परत जातो, फट अपुरी पडते, आणि नवीकोरी बॅटरी बसवलेली गाडी सिग्नलला थरथरून बंद पडते. मालकाला वाटते, बॅटरीच खराब निघाली.

इंधनाचेही असेच. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर जळून उरलेल्या वायूंचा अंदाज देत राहतो, त्यावरून ईसीएम इंजेक्टरचा फवारा कमीजास्त करतो. ही झाली क्षणाची दुरुस्ती. पण रोज त्याच दिशेने दुरुस्ती करावी लागते असे दिसले, तर ती कायमची धरून चालायची म्हणून वेगळ्या खात्यात मांडली जाते. इंजेक्टर जरा चोंदलेला असेल, कुठे सूक्ष्म हवा गळत असेल, तर त्याची भरपाई या खात्यात असते. इथेनॉलची भरपाईही यातच येते. इथेनॉलला वजनाच्या नऊपटच हवा पुरते. त्यामुळे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर तेवढ्याच हवेला फवारा थोडा वाढवावा लागतो. भारतातल्या पंपांवर हे मिश्रण आता सर्रास झाले आहे, आणि आधीच्या इंधनासाठी बांधलेल्या गाड्या जुळवून घेतात ते बव्हंशी या खात्याच्या जोरावर. ते कोरे झाले की गाडी पहिले काही किलोमीटर चाचपडते. पिकअप जड वाटतो, ॲव्हरेज पडते. पुढे सगळे परत शिकले जाते, पण त्यासाठी धावावे लागते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आपल्या क्लचची झीज ओळखून गिअर बदलण्याचा दाब ठरवतो; ती ओळख काही गाड्यांत पुसली जाते आणि थोडे दिवस गिअर झटक्याने पडतात. एका बोटात वर जाणारी काच आपली वरची हद्द विसरते. घड्याळ आणि रेडिओची स्टेशने जातात. होंडासह काही कंपन्यांच्या गाड्यांत करंट तुटला की म्युझिक सिस्टिम कुलूपबंद होते आणि कोड मागते. चोराला तिचा उपयोग होऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे. कोडचे कार्ड मॅन्युअलच्या पाकिटात असते आणि जुनी गाडी घेताना ते हमखास हरवलेले असते, म्हणून बॅटरीला हात लावण्याआधी ते शोधलेले बरे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. १९९६पासून तिथे विकल्या गेलेल्या प्रत्येक कारचा संगणक प्रदूषणाच्या यंत्रणेची स्वतःच तपासणी करतो आणि ती पुरी झाली की तशी खूण ठेवतो. बॅटरी काढली की खुणा पुसल्या जातात. कॅलिफोर्नियातल्या तपासणी केंद्रावर त्या खुणा अपुऱ्या दिसल्या तर, इंजिन निर्दोष असले तरी, गाडी पास होत नाही. काही दिवस चालवून पुन्हा आणायला सांगतात. आपल्याकडची पीयूसी नळकांड्यातून निघणारा धूर मोजते, त्यामुळे इथे हा प्रश्न येत नाही.

एवढे सगळे वाचवण्याजोगे आहे खरे, पण आधी एक गोष्ट पाहायला हवी: वाचवायला काही उरले आहे का? चांगल्या चार्ज झालेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट असतो, बारा व्होल्टला ती जवळजवळ रिकामी असते. सेल्फ मारताना शंभराहून जास्त अँपिअर ओढले जातात, आणि थकलेल्या बॅटरीचा दाब त्या वेळी इतका कोसळतो की कच्ची मेमरी तिथेच पुसली जाते. याची खूण डॅशबोर्डवर असते. स्वतःच्या चालीवर चालणारे घड्याळ बारावर किंवा एकवर जाऊन बसलेले दिसले, तर बहुतेक आठवणी आधीच गेल्या. मग मेमरी वाचवण्याचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. सरळ पद्धतीने बॅटरी बदलावी. बंद उभी गाडीदेखील अलार्म, घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर यांसाठी वीस ते पन्नास मिलिअँपिअर करंट खात असते. पन्नासच्या हिशेबाने छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी सातशे तासांत, म्हणजे महिन्याच्या आत, पूर्ण रिकामी होते. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या रांगा बसून गेल्या, त्या याच हिशेबाने.

घड्याळ बरोबर चालत असेल, तर मात्र करंट न तोडता बॅटरी बदलण्याचा विचार करावा. त्याचे जे तीन-चार मार्ग सांगितले जातात, त्यांतला सर्वांत जास्त ऐकू येणारा मार्ग सर्वांत घातक आहे. तो म्हणजे इंजिन चालू ठेवायचे आणि चालू गाडीतच बॅटरी बदलायची. अल्टरनेटर वीज देतोच आहे, मग बॅटरी हवी कशाला, असा त्यामागचा विचार. जुन्या गाड्यांत हे खपून गेले, म्हणून ही सवय टिकली. अल्टरनेटर चालू असताना तीस-चाळीस अँपिअर करंट बॅटरीत जात असेल आणि त्याच क्षणी टर्मिनल सुटले, तर तो करंट जायला जागा उरत नाही. अल्टरनेटरच्या आतल्या गुंडाळीतले चुंबकत्व तत्क्षणी उतरत नाही, त्याला सेकंदाचा काही अंश लागतो, आणि तेवढ्यात तारांमधला दाब उसळतो. वाहनांच्या विद्युत उपकरणांसाठी जे आंतरराष्ट्रीय चाचणी-मानक आहे, त्यात बारा व्होल्टच्या गाडीसाठी हा झटका, कसलेही संरक्षण नसताना, ७९ ते १०१ व्होल्टचा धरलेला आहे. आताच्या अल्टरनेटरमध्ये तो पस्तीसच्या आसपास अडवणारे डायोड असतात, पण त्यांच्या भरवशावर गाडीतल्या प्रत्येक युनिटचा जीव टांगणीला लावणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. बॅटरी नुसती वीज साठवत नाही, अशा उसळ्या ती अंगावर घेते. चार आठवणी वाचवण्यासाठी हजारो रुपयांचा ईसीएम जाळण्याची ही रीत आता तरी बंद व्हायला हवी.

दुसरा मार्ग निरुपद्रवी आहे, पण लंगडा. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचे, आत नऊ व्होल्टचा चौकोनी सेल असलेले एक उपकरण मिळते. बऱ्याच गाड्यांत चावी बंद केली की ते सॉकेटच बंद होते, म्हणजे सेलमधला करंट ईसीएमपर्यंत पोहोचतच नाही. पोहोचला तरी तो सेल इतका दुबळा असतो, की मध्येच कोणी दार उघडले आणि आतला दिवा लागला की त्याचा जीव संपतो.

भरवशाचा मार्ग स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या पोटात असलेल्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटमधून जातो. गॅरेजमध्ये स्कॅनर जिथे लावतात तेच हे सॉकेट. त्यातली सोळावी पिन थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेली असते, चावी असो वा नसो. चौथी आणि पाचवी निगेटिव्हला. या सॉकेटला बसणारी केबल मिळते. तिचे दुसरे टोक यूपीएसमध्ये असते तसल्या बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरच्या सीलबंद बॅटरीला जोडले, की गाडीला दुसरा श्वास मिळतो. झोपलेल्या गाडीची भूक पाहता ही छोटी बॅटरी काही दिवसही पुरेल. केबलमध्ये चार-पाच अँपिअरचा फ्यूज असावा, आणि करंट उलट फिरू न देणारा डायोडही. फ्यूज कशासाठी, तर सोळाव्या पिनेची तार बारीक असते. काही चुकले तर तार तापण्याआधी फ्यूज उडावा. या जोडणीवर चावी फिरवायची नाही, आणि सेल्फ तर चुकूनही मारायचा नाही.

ओबीडीची केबल नसेल, तर दुसरी बॅटरी वायरीने थेट टर्मिनलच्या क्लॅम्पना समांतर जोडतात. रस्त्याकडेचे अनुभवी बॅटरीवाले हेच करतात. त्यांच्या हाताला सवय असते म्हणून ते सोपे दिसते. नवख्याने करंट जपण्याच्या नादात चिमटा निसटू दिला, तर ठिणग्या पडतात.

या सर्व मार्गांत एक धोका सारखाच आहे. एरवी बॅटरी काढली की दोन्ही तारा निर्जीव होतात; त्या कुठेही लागल्या तरी चिंता नसते. पर्यायी बॅटरी लावलेली असताना मात्र सुटलेल्या पॉझिटिव्ह क्लॅम्पमध्ये करंट जिवंत असतो. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते, त्यामुळे तो क्लॅम्प मडगार्डच्या पत्र्याला टेकला की शॉर्ट. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून सोबत ठेवावा आणि क्लॅम्प सुटल्याबरोबर त्यावर चढवून वरून चिकटपट्टी गुंडाळावी. ट्यूब चढेपर्यंत क्लॅम्प हातातून सोडू नये. हे जमणार नाही असे वाटत असेल, तर मेमरी जाऊ द्यावी. गाडी पुन्हा शिकते.

पूर्वतयारी थोडी असली तरी टाळण्यासारखी नाही. दिवे, एसी, म्युझिक बंद करावे. सगळी दारे लावून एक काच खाली ठेवावी आणि किल्ली खिशात ठेवावी, म्हणजे लॉक आपोआप पडले तरी आत जाता येते. रिमोटची स्मार्ट चावी असेल तर ती मात्र गाडीपासून चार पावले लांबच असावी, कारण ती जवळ आली की गाडी जागी होते. काही जर्मन गाड्यांत बॅटरी डिक्कीत असते आणि डिक्कीचे कुलूप विजेवर चालते. तिथे डिक्की आधी उघडून ठेवावी. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. चार्जिंगमध्ये बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले तरी ठिणगीला तो पेट घेतो, म्हणून जवळपास विडी-सिगारेट नको.

पहिले निगेटिव्ह सोडायचे, मग पॉझिटिव्ह. जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. पॉझिटिव्हचा नट फिरवताना पाना बॉडीला लागण्याची शक्यता असतेच. निगेटिव्ह आधीच सुटलेले असेल तर बॅटरीचा मार्ग तुटलेला असतो आणि काही होत नाही. ओबीडीवरून करंट चालू असताना या क्रमाचे अर्धेच संरक्षण उरते, म्हणून पान्याच्या दांड्यालाही चिकटपट्टी गुंडाळलेली बरी.

नवी बॅटरी घेताना तिच्यावरचा क्रमांक जुनीशी ताडून पाहावा. छोट्या गाड्यांच्या बॅटरीवर ३८बी२०एल असे काही छापलेले असते: ३८ हा क्षमतेचा दर्जा, बी हे रुंदी-उंचीचे माप, २० ही सेंटिमीटरमधली लांबी. शेवटच्या एल किंवा आर अक्षरावरून पॉझिटिव्ह कोणत्या बाजूला आहे ते कळते. हे अक्षर चुकले की तार पोहोचत नाही, आणि ओढूनताणून पोहोचवली तर उलटी जोडणी होण्याची भीती. क्लॅम्पवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने धुवावी, कोरडी करावी, आणि नट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. दोन्ही टर्मिनल घट्ट बसल्यावरच ओबीडीची केबल काढायची. इंजिन चालू केल्यावर मीटरने १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवले तर अल्टरनेटर ठीक आहे. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बॉनेटखालची भट्टी बॅटरीचे पाणी उडवते आणि आतल्या जाळ्या कुरतडते. तिथे बॅटरी लवकर गेली तर दोष कंपनीला देण्याआधी हवेकडे पाहावे.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना ईएफबी किंवा एजीएम जातीचीच बॅटरी लागते. साधी बसवली तर ती लवकर दम टाकते. त्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक सेन्सर असतो. बॅटरीत किती करंट आला-गेला आणि ती किती म्हातारी झाली याचा तो हिशेब ठेवतो, आणि म्हाताऱ्या बॅटरीला गाडी त्या बेताने चार्ज देते. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत हा हिशेब करंट तुटला तरी टिकतो. म्हणजे इथे अडचण उलटी असते: नव्या बॅटरीला गाडी जुनीच समजून वागवत राहते. स्कॅनर लावून नव्या बॅटरीची नोंद करणे हे तिथे बॅटरी बदलण्याचेच अंग आहे. काही जपानी, कोरियन गाड्यांतला सेन्सर गाडी कुलूप लावून काही तास उभी ठेवली की स्वतःच नव्याने हिशेब मांडतो.

मुद्दाम विसरायला लावण्याची प्रथाही गॅरेजमध्ये आहे. इंजिनाचा पिवळा दिवा लागला की निगेटिव्ह सोडायचे, दहा मिनिटांनी जोडायचे. दिवा गेलेला असतो. पण त्यासोबत दोषाचा कोड आणि तो कोणत्या वेगाला, कोणत्या तापमानाला उमटला ही नोंदही पुसली जाऊ शकते. दोष तिथेच राहतो, पुरावा तेवढा जातो. कोड आधी वाचून कागदावर उतरवावा, दुरुस्ती करावी, मगच पुसावा.

सगळी काळजी घेऊनही मेमरी गेली, तर गाडीला शिकायला वेळ द्यावा. सगळे बंद ठेवून इंजिन गरम होईपर्यंत आयडलिंगवर चालू द्यावे, मग एसी लावून आणखी काही मिनिटे. त्यानंतर थोडे गावातले, थोडे मोकळ्या रस्त्यावरचे, असे वीस-पंचवीस किलोमीटर ॲक्सिलरेटर न झटकता चालवावे. काच पूर्ण वर नेऊन बटण चार-पाच सेकंद ओढून धरले की बऱ्याच गाड्यांत तिला तिची हद्द कळते. स्टिअरिंगशी संबंधित दिवा लागलेला असेल, तर एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून सरळ चालवल्यावर तो बहुधा जातो. आठवडाभरानंतरही सिग्नलला इंजिन थरथरत असेल, तर थ्रॉटल बॉडी साफ करून स्कॅनरने तिची शून्य जागा नव्याने शिकवावी लागते.

जुनी बॅटरी घरी ठेवू नये. तिचे नऊ-दहा किलो वजन असते, त्यातले निम्म्याहून जास्त शिसे, आणि पोटात गंधकाम्ल. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेऊन तिच्यातला धातू पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदार ती ठेवून घेऊन नवीच्या किमतीत सूट देतो. ती सूट बिलावर लिहून घ्यावी आणि वॉरंटीच्या कार्डावर तारखेचा शिक्का मारून घ्यावा.